समुद्र पश्चिमेला, गाडी पाचोऱ्याला

सुरुवातीलाच क्षमा मागतो. लिहिणे हे माझे काम नव्हे. आयुष्यभर मी महाविद्यालयात भूगोल शिकवला आणि इतरांनी लिहिलेले तपासले. तपासणाऱ्याच्या हाताला लाल शाईची सवय लागते. स्वतःचे काही मांडायला बसले की प्रत्येक वाक्याच्या समासात त्याला आधीच प्रश्नचिन्ह दिसू लागते. निवृत्तीनंतर लेखणी हाती घेणाऱ्यांची धुळ्यात वाण नाही, आणि त्यांत माझी भर पडावी अशी कोणी मागणीही केलेली नाही. त्यातून मी लिहितो आहे ते एका प्रवासाविषयी, आणि तो प्रवास अजून झालेलाच नाही. झाला आहे तो त्याचा बेत, आणि त्या बेताविषयीचा माझा संशय. वाचकाने एवढे धाडस पोटात घालावे.

मी धुळ्याच्या देवपुरात एकटा राहतो; दाराशी माझी जुनी गाडी उभी असते. पत्नीला जाऊन काही वर्षे झाली. एकुलती एक मुलगी जळगावला असते, तिथे शाळेत शिकवते. जावई केळीच्या बागायतदारांना सल्ला देण्याचे काम करतात. दोघांचे म्हणणे असे की मी देवपूरचे घर बंद करून जळगावला यावे. माझे म्हणणे असे की मी येऊ नये. हा विषय दर सणाला पुरणपोळीबरोबर ताटात वाढला जाई आणि मी तो पोळीआड सारून ठेवी. मात्र गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात पाय घसरून पडलो. हाड मोडले नाही, पण उठता येईना, आणि हाका समोरच्या घरातल्या अक्कांना ऐकू जाईपर्यंत बराच वेळ गेला. हे मुलीला कळू द्यायचे नाही असे मी अक्कांना बजावले होते. अक्कांनी ते त्याच दुपारी कळवले.

तेव्हापासून मुलगी माझ्याशी फार गोड बोलू लागली. भांडणारी मुलगी गोड बोलू लागली की बापाने सावध व्हावे. आपले घर, आपल्या हातचा चहा आणि दाराला आतून कडी लावण्याचा आपला हक्क आता राहतो की जातो, हाच एक प्रश्न माझ्यासमोर होता. आणि तिच्याकडून येणारी प्रत्येक सूचना मी त्या प्रश्नाच्या उजेडात धरून पाही. अशा दिवसांत, दिवाळी सरल्यावर, तिचा फोन आला.

“नाना, समुद्र बघायला जाऊ या.”

“पाहिला आहे मी.”

“कधी?”

“कॉलेजच्या सहलीला. मुलांना घेऊन.”

“तेव्हा तुम्ही मुलं मोजत होतात, समुद्र नाही.”

हे खरे होते, म्हणून मी दुसरीकडून विचारले, “कोणत्या यात्रा कंपनीबरोबर?”

“कोणाबरोबरच नाही. आपली गाडी, आपला रस्ता. अलिबागपासून खाली रत्नागिरीपर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्याने. आवडेल तिथे थांबायचं, मिळेल ते चांगलंचुंगलं खायचं. घाई करायची नाही. आणि जाताना नाशिकला वाइन घ्यायची.”

“नाशिकला काय?”

“वाइन हो नाना. द्राक्षांची.”

ज्या अर्थी तिने ‘द्राक्षांची’ अशी पुस्ती जोडली, त्या अर्थी तो शब्द माझ्यासमोर एकटा सोडायची तिलाही धास्ती वाटली असावी.

आमच्याकडे प्रवास कसा होतो, हे सांगितल्याशिवाय माझा संशय कळणार नाही. खानदेशातला माणूस प्रवासाला निघतो तो बस भरून. बरोबर आचारी, शेगडी, मिरच्यांचा ठेचा आणि शेवेचे डबे. उजाडायच्या आत निघायचे, जेवणाआधी निदान तीन देवळे उरकायची, आणि परतल्यावर किती ठिकाणे झाली ते ओट्यावर बसून सांगायचे. हळू असे कोणी नेतच नाही; हळू नेतात ते आजाऱ्याला. तेव्हा माझी पहिली अटकळ ही की प्रवास हे निमित्त आहे. मला गाडीत बसवून दिवसेंदिवस निरखायचे. मी जिना कसा चढतो, औषध विसरतो का, न्हाणीघरात किती वेळ लावतो. आणि परतताना गाडी धुळ्याला न थांबता थेट जळगावला न्यायची.

दोन दिवसांनी तिने मोबाइलवर मार्गाचा नकाशा पाठवला. नकाशा दिसला की चष्मा आपोआप नाकावर चढतो. धंद्याची खोड आहे. त्यांची गाडी जळगावहून धुळ्याला येणार, मला घेणार, इथवर ठीक. पुढे मालेगाववरून सरळ नाशिक गाठायचे, हे शाळकरी मुलगाही सांगेल. पण निळी रेघ धुळ्याहून मागे फिरली होती. पारोळा, भडगाव, मग पाचोरा, आणि तिथून चाळीसगावकडून वळसा घेत नाशिक. समुद्र पश्चिमेला, आम्ही आधी पूर्वेला जाणार होतो.

मी फोन केला. “पाचोऱ्याला कशाला?”

पलीकडून आधी एक खोकला आला. मग, “वांगी घ्यायला.”

“वांगी?”

“भरताची. एखाद्या दिवशी किनाऱ्यावर भरीत भाजू, मजा येईल.”

“भरताची वांगी बामणोदकडची. यावल तालुक्यातली. तुझ्या जळगावच्या बाजारात ढिगाने मिळतात. ती घ्यायला पाचोऱ्याला कोण जातं?”

“नाना, तुम्ही पण ना! ठेवते, कुकरची शिट्टी झाली.”

मला शिट्टी ऐकू आली नव्हती.

त्या आठवड्यात जावई कामानिमित्त धुळ्याला आले आणि घरी डोकावले. हातात कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. अक्का समोरच्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. जावयांनी पिशवी पोटाशी धरून, एक खांदा पुढे काढून दारातून असा प्रवेश केला की गल्लीत कोणालाच शंका घ्यायला जागा उरली नाही.

सासऱ्याने आणि जावयाने समोरासमोर बसून दारूविषयी बोलावे, अशी वेळ आमच्या घरात कधी आली नव्हती. आम्ही दोघे थोडा वेळ केळीच्या भावाबद्दल बोललो. मग त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “नाना, ही नुसती दाखवायला. ही पांढरी. माशाबरोबर पांढरी घेतात.”

“असं कोण म्हणतं?”

“असं… वाचलंय.”

“तुम्ही घेता?”

“छे! म्हणजे… एखाद्या लग्नात. तेही मित्राच्या.”

“वाइन बाळगायला आणि प्यायला महाराष्ट्रात परवाना लागतो म्हणतात. तो काढावा लागेल.”

“ते काही नाही, माझ्याकडे आहे,” ते मदतीच्या उत्साहात म्हणाले. “आजीवन.”

हा शब्द उच्चारल्यावर त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे लक्षात येऊनही बराच वेळ तोंडाला लावून ठेवला. मला वाटले, उलगडा झाला. हे सारे जावयांच्या बाटलीसाठी चालले आहे. घरात चोरून घेण्यापेक्षा सासऱ्याच्या साक्षीने किनाऱ्यावर घ्यावी, म्हणजे बायकोला बोलता येणार नाही. मी खात्री करण्यासाठी म्हणालो, “समुद्रच बघायचा तर सुरतेकडचा जवळ पडतो. पिंपळनेरहून, नाहीतर नवापूरवरून, दुपारपर्यंत पोहोचू.”

“गुजरातमध्ये चालत नाही नाना.”

“काय चालत नाही?”

त्यांनी डोळ्यांनी बाटलीकडे खूण केली.

“म्हणजे समुद्र निवडला तो हिच्या सोयीने?”

“नाही हो नाना, तसं नाही,” असे म्हणून ते उठले. दारापर्यंत गेले, चपला घातल्या आणि वळून, जणू काही सहज आठवल्यासारखे, म्हणाले, “नाना, तुम्ही घोरता का?”

“का?”

“खोल्या ठरवायच्यात ना. शेजारच्या खोलीत कोणाला त्रास नको.”

“शेजारच्या खोलीत कोण असणार?”

“कोणीतरी असतंच ना, हॉटेल म्हटल्यावर.”

ते गेल्यावर अक्का ओट्यावरूनच म्हणाल्या, “सर, समुद्र देखाले जाई राहिनात म्हने?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“बठ्ठा गल्लीले मालूम शे. तुम्हनी पोरनी फोनवर सांगं.” त्यांनी मेथीची जुडी झटकली आणि पदर तोंडाशी नेत हसून म्हणाल्या, “जा, जा. पन एकला जाऊ नका.”

या हसण्याचा अर्थ मला लागला नाही. मी अशा समजुतीत आत आलो की माझ्या म्हातारपणाची बातमी आता गल्लीभर झाली आहे. बाटली मी पुस्तकांच्या कपाटात, जुन्या नकाशासंग्रहांच्या मागे उभी करून ठेवली. घरात दुसरी कुठलीच जागा तिला शोभेना.

बेत मात्र मी करू लागलो. संशय असला तरी नकाशाचा मोह सुटत नाही. बैठकीच्या भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा आहे. त्यावर मी शिसपेन्सिलीने मुक्काम टिपले. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, मग दापोलीच्या किनाऱ्याने न थांबता गुहागर, गणपतीपुळे. बरोबर काय न्यायचे तेही ठरवले. कळण्याचे पीठ, म्हणजे ज्वारी आणि उडदाचे, भाकरीसाठी, लसणाचा ठेचा, आणि एक डबाभर बिबडे. ज्वारीचे ते जाड पापड मला भाजून फार आवडतात. परक्या मुलखात जेवण बेचव निघाले तर हाताशी असावेत, हा हेतू.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मुलगी आणि जावई आले. गाडीतून तिसरी व्यक्ती उतरली. माझ्याहून थोड्या लहान वाटणाऱ्या एक बाई होत्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

“नाना, ह्या बाई. पाचोऱ्याला असतात,” मुलगी एका दमात म्हणाली. “माझ्या सासूबाईंची मावसबहीण. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. आधी पुष्कळ वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षिका होत्या. सगळा किनारा माहीत आहे त्यांना. मार्ग ठरवायला मदत करतील. मी पोहे टाकते.” आणि ती आत पळाली. जावई तिच्यामागे कांदा चिरायला गेले. त्यांना कांदा चिरताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

पाचोरा हे नाव कानी पडताच मी सावरून बसलो होतो. बाई बसल्या नाहीत. चष्मा लावून थेट भिंतीवरच्या नकाशापुढे गेल्या.

“ह्या पेन्सिलीच्या खुणा तुमच्या?”

“हो.”

“सर, एका दिवसात श्रीवर्धनहून गुहागर? ही सहल आहे की तपासणी?”

“अंतर फार नाही.”

“अंतर बोटभर आहे. मध्ये खाड्या आहेत. प्रत्येक खाडीला गाडी बोटीत चढवायची, पलीकडच्या धक्क्याला उतरवायची. बोट तिकडे गेली असली की इकडे बसून राहायचं. मासळीवाल्या बायका असतात, त्या बोलायला लागतात. दिवस जातो.”

“खाडीतली पाण्याची पातळी बघून वेळ काढता येईल,” मी म्हणालो. “भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते.”

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. “ते मला शिकवू नका सर, मी त्या भरतीवर शाळेत जात होते.” पण हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्या खुर्चीवर बसल्या.

मी नेण्याच्या पदार्थांचा उल्लेख केला. बिबड्यांपर्यंत आलो आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की स्वयंपाकघरातला कांदा चिरण्याचा आवाज थबकला.

“बिबडे! अहो सर, तिथे आम्ही खानदेशातली कितीतरी मास्तरमंडळी होतो. नोकरी तिकडे लागली, बदली इकडे मागायची, आणि ती मिळेपर्यंत तिथेच. उन्हाळ्याच्या सुट्टीहून परतताना प्रत्येकाच्या ट्रंकेत एकच गोष्ट, बिबडे. समुद्राची हवा लागली की आठवड्यात चामड्यासारखे मऊ. पावसाळ्यात हिरवे. दर वर्षी सगळे रडायचे, आणि पुढच्या वर्षी सगळे पुन्हा न्यायचे.”

“मग न्यायचे नाहीत?”

“न्या की. पण पहिल्या दोन दिवसांत संपवा. नंतर तिथलं खा. तांदळाची भाकरी, शिंपल्यांतल्या तिसऱ्यांचं कालवण, वर सोलकढी. मासा खाता का तुम्ही?”

“नदीचा खाल्ला आहे. काट्यांची भीती वाटते.”

“सुरमईला मोठा काटा असतो, तुमच्यासारख्याला बरा.” मग त्यांनी घसा साफ केला आणि आवाज उतरवून विचारले, “सर, मला एक कळलं नाही. वाइन कोणाला हवी आहे? तुमच्या पुस्तकात त्याचं प्रकरण आहे का?”

“कोणत्या पुस्तकात?”

“किनाऱ्यावरच्या. तुम्ही लिहिताय ते.”

“मी काही लिहीत नाही.”

त्या वेळी ते सत्य होते.

बाईंनी चष्मा काढला. “मला सांगण्यात आलं की सर कोकण किनाऱ्यावर पुस्तक लिहीत आहेत. त्यासाठी सावकाश जायचं आहे, आणि बरोबर कोणी माहितगार हवं. म्हणून मी हो म्हटलं.”

“मला सांगण्यात आलं,” मी म्हणालो, “की पाचोऱ्याला गाडी न्यायची ती भरताची वांगी घेण्यासाठी.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग सावकाश म्हणाल्या, “म्हणजे ती वांगी मी.”

स्वयंपाकघरात आता काहीच वाजत नव्हते. नेमक्या त्याच क्षणी मुलगी पडद्याआडून पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. वर ओले खोबरे, कोथिंबीर, लिंबाची फोड. बशी माझ्या हाती आल्यावर मला सगळे एकदम दिसले. शेजारची खोली, घोरण्याची चौकशी, अक्कांचे हसणे. बाईंनीही बशीकडे पाहिले आणि मुलीला म्हणाल्या, “अगं, पोहे केलेस होय? मग पत्रिकाच तेवढी विसरलीस.”

मुलगी रडेल असे मला वाटले. ती हसू लागली, आणि मग रडू लागली. जावयांनी कांद्याने लाल झालेले डोळे घेऊन दारातून खुलासा केला, आणि बोलणे तोडून तोडून का होईना, पूर्ण केले. “नाना, आमने-सामने बसवलं असतं तर तुम्ही दोघांनी एकमेकांची शाळा-कॉलेज विचारली असती आणि नमस्कार करून उठला असतात. गाडीत माणूस बोलतो. म्हणून हळू जायचं ठरवलं. आणि वाइन… ती काय, माझ्याच डोक्यातली. ती समोर असली की जेवण लवकर आटपत नाही. मला ती आवडत पण नाही, आंबट लागते.”

“आणि आजीवन परवाना?”

“तो मित्राने काढायला लावला नाना. सगळ्यांचा एकदम काढला.”

या उत्तरावर माझा अजूनही विश्वास नाही.

मुलगी मला मागच्या दारी घेऊन गेली. तिथे ती हळू आवाजात जे बोलली ते इथे लिहिताना मला अवघडल्यासारखे होते, पण गाळणे योग्य होणार नाही. ती म्हणाली, “नाना, तुम्ही जळगावला येत नाही. ठीक आहे, नका येऊ. पण तुमचा फोन लागला नाही की मी तो पुन्हा पुन्हा लावत बसते. शाळेत असले तर वर्ग सोडून बाहेर येते. अक्कांना विचारते, दार उघडं आहे का. असं किती वर्षं करू मी? आई नाही म्हणून कोणीतरी असावं एवढंच वाटलं. लग्नच करा असं म्हटलं का मी? नुसतं बोलून बघा. आणि तेही नको असेल, तर मग उन्हाळ्यात हे घर बंद करून तुम्ही आमच्याकडे याल. आता मी ऐकणार नाही.”

मी विचारले, “बाईंना हे सगळं ठाऊक नव्हतं?”

“शपथेवर सांगते, नव्हतं.”

आम्ही बैठकीत परतलो तेव्हा जावयांनी चहाचा ट्रे आणला होता. बाईंनी कपांवर नजर फिरवली आणि विचारले, “सरांचा बिनसाखरेचा कोणता?”

मी साखर घेत नाही, हे मी त्यांना सांगितले नव्हते. मुलीकडे पाहिले, तिने खिडकीकडे पाहिले. बाईंनी तो कप माझ्यापुढे सरकवला आणि स्वतःच्या कपात आणखी अर्धा चमचा साखर मागून घेतली.

निघताना त्या फाटकापाशी मागे रेंगाळल्या. गाडीत मुलगी आणि जावई काचा वर करून बसले होते, पण काचा वर असूनही दोघांची डोकी आमच्याकडे कलली होती. बाई म्हणाल्या, “सर, एक स्पष्ट बोलते. मालक गेले तेव्हा मी तिकडेच नोकरीत होते. लोकांनी तेव्हाही दुसरं लग्न करायला, पाट लावायला सांगितलं, मी नाही म्हटलं. आजही पाट-बिट माझ्या डोक्यात नाही. पण ती बोट मला पुन्हा एकदा बघायची आहे. यात्रा कंपनीत माझा जीव गुदमरतो, आणि एकटीने जायचा धीर होत नाही. तुम्ही गाडी चालवता ना?”

“चालवतो. हळू.”

“मग ह्या दोघांना घरीच ठेवू. तुमची गाडी, रस्ता मी सांगेन. दोन खोल्या. वेगवेगळ्या मजल्यांवर असल्या तरी चालतील, मी काही रुसणार नाही.”

मी म्हणालो, “आणि वाइनचं काय करायचं?”

“घ्या बरोबर. कशी लागते ते बघू तरी. नाही आवडली तर सोलकढी आहेच. विचार करा आणि कळवा. फार लांबवू नका, सुट्ट्यांत तिकडे खोल्या मिळत नाहीत.”

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. अक्का ओट्यावर होत्याच. “काय सर, बाई चांगली शे ना?” त्यांनी विचारले. मी त्यांना सांगितले की त्या मार्ग ठरवायला आल्या होत्या. “हा, मार्गच ते,” असे म्हणून अक्कांनी सूप उचलले आणि आत गेल्या.

तेव्हापासून मी नकाशापुढे बसतो आहे. मुक्काम पुन्हा आखले. श्रीवर्धन आणि गुहागर यांच्यामध्ये आता एक जादा मुक्काम आहे, आणि प्रत्येक खाडीपाशी मी रिकामा अर्धा दिवस ठेवला आहे. गाडीची चाके तपासून घेतली. समुद्राच्या हवेला चालतील असे दोन सदरे धुऊन इस्त्रीला दिले. आणि हे सर्व करत असताना संशय कमी होण्याऐवजी वाढतो आहे. पूर्वी मला मुलीचा आणि जावयांचा संशय येत होता. त्यांचे डाव निदान उघडे पडण्यासारखे तरी होते. आता बाईंचा येतो. त्यांनी इतक्या पटकन, फाटकापाशी, दोन खोल्यांपर्यंतचा बेत मांडला, तो त्याच दुपारी सुचला असेल का? ‘शपथेवर’ म्हणताना मुलीने माझ्याकडे पाहिले नव्हते. कदाचित बाईंना सारे आधीपासून ठाऊक होते, आणि चकित झाल्याचे, हसल्याचे, पाट नाकारल्याचे ते बोलणे म्हणजेच खरा बेत होता. ज्याला ओढले की तो मागे सरतो, त्याला ‘तुम्ही नका येऊ’ असे सांगून पुढे आणायचे, ही युक्ती मुख्याध्यापिकेला अवघड नसते. मीही वर्गात ती वापरली आहे.

दुसरीकडे असेही वाटते की त्या जे बोलल्या ते तसेच असेल. एका बाईला एक बोट पुन्हा पाहायची आहे, आणि तिला गाडी चालवणारा एक सभ्य मनुष्य हवा आहे. त्याहून अधिक त्यात काही नसेल. आणि हा विचार आला की मला, का कोण जाणे, थोडे वाईट वाटते. मग त्या वाईट वाटण्याचाच संशय येतो. ज्याला एकटे राहायचे आहे, आतून कडी लावायची आहे, त्याला असे वाटण्याचे कारण काय? सदरे इस्त्रीला देताना मी परटाला कॉलर नीट कर असे बजावून सांगितले होते. एवढ्या वर्षांत मी त्याला असे कधी सांगितल्याचे आठवत नाही.

काल बाईंचा निरोप आला. गुहागरजवळ एका घरगुती खाणावळीच्या वर दोन खोल्या मोकळ्या आहेत. एक समुद्राकडची, एक नारळीच्या बागेकडची. समुद्राकडची कोणी घ्यायची ते आधी ठरवू, म्हणजे तिथे भांडण नको, असे त्यांनी लिहिले आहे. खोल्यांचा मालक उद्या संध्याकाळपर्यंत थांबेल. मुलीने मात्र काहीच विचारलेले नाही. तिचा फोन येतो, माझ्या जेवणाची चौकशी करते आणि ठेवते. जळगावच्या घरातली मागची खोली रंगवायला काढली आहे, एवढे तिने जाता जाता सांगितले.

मी उत्तर दोनदा लिहिले आणि दोनदा पुसले. नाही म्हटले तर उन्हाळ्यात हे घर बंद होणार. हो म्हटले तर घर राहील, पण परत येईन तेव्हा आतून कडी लावणारा मी एकटाच असेन की नाही, ते मला सांगता येत नाही. आणि दोन्हींत मला फसवले जात आहे असे वाटत राहते. फक्त कोण फसवते आहे, ते ठरत नाही. माझे वय आणि शिक्षण पाहता असे प्रश्न दुसऱ्याला विचारणे शोभत नाही, याची मला जाणीव आहे. तरी विचारतो, कारण ओळखीच्या कोणाला विचारण्याची सोय राहिलेली नाही.

तुम्ही माझ्या जागी असता, तर बाईंना काय कळवले असते?